काळ्या कोटाची भावकी

सव्वाशे रुपये. हा आकडा आधी पाठ करून ठेवा.

१९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम २४ सांगतं की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वकील म्हणून नाव नोंदवायचं असेल, तर त्याने राज्याच्या बार कौन्सिलला १०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला २५ रुपये द्यावेत. बाकीच्यांनी ६०० आणि १५०, म्हणजे साडेसातशे. कायदा संसदेचा आहे. तो कुणा अडाणी माणसासाठी लिहिलेला नाही. उठल्या-बसल्या जे कायद्याचा दाखला देतात, त्यांच्याच संस्थेसाठी लिहिलेला आहे.

आणि या कायदेपंडितांनी केलं काय? राज्याराज्यांतल्या कौन्सिलांनी फीचं एक शेपूट वाढवलं. लायब्ररीचा निधी, कल्याण निधी, ओळखपत्र, सर्टिफिकेट, ट्रेनिंग, कागद तपासण्याचे पैसे. एकेक नाव असं गोड की विरोध करणाऱ्यालाच लाज वाटावी. बेरीज मात्र पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत. ओडिशात ४२,१००. गुजरातेत २५,०००. पुरोगामी म्हणून मिरवणाऱ्या केरळातसुद्धा २०,०५०. ही चोरी रात्रीच्या अंधारात झाली नाही. भर दिवसा, पावती फाडून झाली.

आपल्या वस्तीत असा एक तरी पोरगा असतो. बाप महापालिकेत सफाईला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पोरगा दिवसा मिळेल ते काम आणि सकाळचं कॉलेज करत एलएल.बी. होतो. पेढे वाटले जातात, नाक्यावर बोर्ड लागतो. मग सनदेचा खर्च कळतो. बोर्ड पावसात भिजून फाटेपर्यंत पोरगा कुरिअरच्या थैल्या वाहायला लागलेला असतो. 'पुढच्या वर्षी काढतो सनद' म्हणतो. पुढचं वर्ष काही येत नाही. त्याला कुणी 'बाहेर हो' म्हटलेलं नसतं. विहिरीवर पाटी नसते आता. फक्त दोर इतका महाग केलेला असतो की बादली खाली पोचू नये.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १९२३ साली बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन मुंबईत परतले. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या गाठीला होत्या, पण सनद काढायला गाठीला पैसा नव्हता. नवल भथेना नावाचा पारशी मित्र धावून आला, म्हणून वकिली सुरू झाली. पुढे सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात, तो भाग वेगळा. विचार करा, घटनेचा शिल्पकार सनदेच्या फीपाशी अडला असता. प्रत्येक पोराला भथेना भेटत नाही. आणि आम्हाला भथेना नकोच आहे. आम्हाला कलम २४ पाहिजे. मित्राचा उपकार वेगळा आणि कायद्याचा हक्क वेगळा.

३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांचं खंडपीठ. साडेसातशे आणि सव्वाशेच्या वर एक पैसाही नोंदणीसाठी घेता येणार नाही, असं घेणं समानतेच्या हक्काविरुद्ध आणि धंदा करण्याच्या हक्काविरुद्ध आहे, दुबळ्या थरातल्या माणसाला ते दारातच अडवतं, असं न्यायालयाने स्वच्छ शब्दांत म्हटलं. चांगलं झालं. पण त्याच निकालात पुढे असंही म्हटलं की हा निकाल इथून पुढे लागू, आधी घेतलेले पैसे कौन्सिलांनी परत करण्याची गरज नाही.

वा! आमच्या गल्लीतला पोरगा सायकल चोरताना सापडला तर सायकलही परत द्यावी लागते आणि वर पोलिसांचा मारही खावा लागतो. इथे वर्षानुवर्षं बेकायदा वसूल केलेले पैसे पचले. का? तर कौन्सिलांचा कारभार त्या पैशावर चालतो म्हणून.

तरी खोड जात नाही. निकालाला वर्ष झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकाच्या कौन्सिलचं प्रकरण पुन्हा त्याच न्यायालयापुढे. म्हणे जादा पैसे 'ऐच्छिक' आहेत. न्यायालयाला सांगावं लागलं की ऐच्छिक वगैरे काही नसतं, बंद करा. आता सांगा, खिडकीच्या आत सनद आणि खिडकीच्या बाहेर पोरगा, अशा वेळी 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ काय? महारकीची कामंसुद्धा अशीच 'रिवाजा'ची होती. इच्छा कुणाची, हे विचारायचं नाही.

सनद घेतली तरी भागत नाही. पुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाची परीक्षा. २०२५ च्या परीक्षेला आपल्या मुलांना फी २,५०० रुपये. म्हणजे आख्ख्या नोंदणीच्या वीसपट. परीक्षा पास झाला की सिनियरच्या ऑफिसात उमेदवारी. तिथे चहा मिळतो, पगार मिळेल असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावा. द्यावा! सक्ती नाही, शिफारस आहे. नीट बघा मित्रांनो, ज्युनियरकडून घ्यायचं ते सक्तीचं आणि ज्युनियरला द्यायचं ते ऐच्छिक. व्यवस्था म्हणजे काय, ते कळायला जाडजूड पुस्तक लागत नाही. दोन परिपत्रकं शेजारी ठेवली की कळतं.

आता हे सगळं ठरवतं कोण? वकीलच. वकिलांनी वकिलांचं कौन्सिल निवडायचं. महाराष्ट्र आणि गोव्याचं कौन्सिल २५ जणांचं. पसंतीक्रमाने मतदान. ही पद्धत खरं तर थोड्या संख्येच्या गटालाही एखादी जागा मिळावी म्हणून असते. पण आधी उभं तर राहता आलं पाहिजे. २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने उमेदवारी अर्जाची फी ठेवली सव्वा लाख रुपये, परत न मिळणारी. आता तो पाठ केलेला आकडा आठवा. दारातून आत यायला सव्वाशे, आणि घर चालवणाऱ्यांत बसायला सव्वा लाख. बरोबर हजारपट. आमदारकीला उभ्या राहणाऱ्याची अनामत याच्यापुढे चिल्लर आहे.

कायद्याने कौन्सिलची मुदत पाच वर्षं, फार तर सहा महिने वाढवून. आपल्याकडचं कौन्सिल निवडलं गेलं २०१८ साली. पाच वर्षं भरली २०२३ ला. खुर्च्या खाली झाल्या नाहीत. कारण काय, तर खोट्या पदव्यांच्या वकिलांची पडताळणी व्हायची आहे. पडताळणी करायची कुणी? यांनीच. आणि ती पुरी होईपर्यंत मुदत वाढवायचा नियम केला कुणी? बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे यांच्याच थोरल्या भावाने. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने कान धरला तेव्हा देशभरच्या निवडणुकांचं वेळापत्रक लागलं. दुसऱ्याच्या मुदतबाह्य अर्जाला एका दिवसासाठी नाट लावणारी ही मंडळी!

याला आम्ही भावकी म्हणतो. भावकी म्हणजे काय ते गावाकडून आलेल्या आपल्या बापांना विचारा. बांध भावकीचा, न्याय भावकीचा, दंड भावकीचा, हिशोबही भावकीच ठेवणार.

अशिलाची तक्रारच बघा. वकिलाने पैसे खाल्ले, तारखेला उभा राहिला नाही, समोरच्या पार्टीला जाऊन मिळाला. अशी माणसं आपल्या झोपडपट्टीत घराघरात सापडतील. तक्रार करायची कुठे? बार कौन्सिलकडे. शिस्त समितीत माणसं तीन. दोन कौन्सिलचे सभासद, एक बाहेरून घेतलेला, तोही वकील. अशिलाच्या बाजूचा एकही नाही. वर्षभरात निकाल लावा, नाहीतर प्रकरण दिल्लीला जाईल, असं कायदा म्हणतो. दिल्लीलाही ती साचली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथल्या तक्रारीही वर्षाच्या आत निकाली काढा.

पण मनात आणलं तर हीच यंत्रणा किती पळते! ६ ऑक्टोबर २०२५ ला भर कोर्टात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्यावर एका वकिलाने जोडा फेकायचा प्रयत्न केला. त्याच दिवशी बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याची वकिली स्थगित केली. योग्यच केलं. अमरावतीचा आपला माणूस देशाच्या सगळ्यात वरच्या न्यायासनावर बसला तरी जोडा त्याचा पत्ता शोधत येतो, हे पुन्हा एकदा दिसलं. पण एका दिवसात हलू शकणारी यंत्रणा विधवा बाईच्या तक्रारीवर वर्षं का काढते, हे आम्ही विचारणार.

इथे शहाणे लोक अंगावर येतील. म्हणतील, स्वायत्तता आहे, तिला हात लावाल तर सरकार आत घुसेल. हा मुद्दा आम्ही उडवून लावत नाही. १९७५ च्या आणीबाणीत बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष राम जेठमलानी सरकारविरुद्ध उभे राहिले, त्यांच्यावर वॉरंट निघालं तेव्हा मुंबईचे शेकडो वकील त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. सरकारच्या मुठीतलं कौन्सिल असतं तर हे झालं नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा आणला. त्यात सरकारची माणसं बार कौन्सिल ऑफ इंडियात बसवायची तरतूद होती. वकिलांनी संप केले, मसुदा मागे घ्यायला लावला. बरोबर केलं.

पण त्याच जोराने बेकायदा फीविरुद्ध कोर्टं बंद पडली नाहीत. सरकारचे तीन नॉमिनी आले तर स्वातंत्र्य धोक्यात, आणि हजारो गरीब पोरं दारातून परत गेली तर ते निव्वळ खर्चाचं बजेट! स्वायत्तता कुणापासून, हा प्रश्न आहे. सत्तेपासून स्वायत्त राहा, आम्ही तुमच्या पुढे उभे राहू. पण आमच्यापासून स्वायत्त राहायचं असेल तर तिला स्वायत्तता म्हणू नका. तिला सोवळं म्हणतात.

हेच सोवळं एक मजला वर गेलं की कॉलेजियम होतं. १९९३ च्या निकालाने न्यायाधीशांची निवड न्यायाधीशांच्या हातात आली. सरकार आणि न्यायाधीश यांचा मिळून आयोग करणारा कायदा २०१४ साली झाला, तो २०१५ साली चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षं न्यायखात्यातलं पद लागतं. म्हणजे खाली सनदेच्या खिडकीवर जो गळला तो वरच्या यादीत कधीच येणार नाही. आता फळ बघा. २०१८ पासून २०२२ अखेरपर्यंत हायकोर्टांत ५३७ न्यायाधीश नेमले गेले. त्यात अनुसूचित जातींचे २.८ टक्के, जमातींचे १.३ टक्के, सर्वसाधारण गटातले ७९ टक्के. हा हिशोब खुद्द सरकारने संसदेच्या समितीपुढे ठेवलेला. आणि २०१० ला न्यायमूर्ती बालकृष्णन निवृत्त झाल्यापासून २०१९ ला गवई येईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायाधीश नव्हता. नऊ वर्षं! लायक माणूस मिळाला नाही म्हणतील. मिळणार कसा? लायकीची परीक्षा घेणारे तेच, पेपर काढणारे तेच, निकालाची कारणं झाकून ठेवणारेही तेच.

२४ मे १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी हे ओळखून ठेवलं होतं. नेमणुका निव्वळ सरकारच्या मर्जीवर सोडणं त्यांना धोक्याचं वाटलं. आणि सरन्यायाधीशाची संमती सक्तीची करणंही तितकंच धोक्याचं वाटलं, कारण कितीही मोठा झाला तरी सरन्यायाधीश माणूसच, सामान्य माणसाचे दोष आणि पूर्वग्रह त्याच्यातही असणार. आमची भूमिका तीच. राजाही नको, भावकीही नको.

मग काय हवं? कौन्सिलचा जमाखर्च दरवर्षी प्रत्येक कोर्टाच्या बोर्डावर लागला पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने राज्य कौन्सिलांत स्त्रियांना ३० टक्के जागा द्यायला लावल्या. मग आमच्या जागा कायद्यात का नाहीत? त्या आल्या पाहिजेत. सव्वा लाखाची उमेदवारी गेली पाहिजे. शिस्त समितीत वकील नसलेला माणूस बसला पाहिजे, अशिलाच्या पोटातली आग ज्याला कळते असा. न्यायाधीश कुणाला केलं, कुणाला का नाही केलं, याची कारणं उघड झाली पाहिजेत.

आणि हे होईपर्यंत आपण हात बांधून बसायचं नाही. वस्तीतल्या, होस्टेलमधल्या एलएल.बी. झालेल्या पोरा-पोरींची यादी काढा. फीपायी कुणाची सनद अडलीय ते घरी जाऊन विचारा. एकट्याला पाठवू नका, दहा जण मिळून खिडकीवर जा. निकालाची प्रत खिशात ठेवा. जादा पैसे मागितले तर कुठल्या कलमाखाली ते लिहून मागा. 'ऐच्छिक' म्हणाले तर आमची इच्छा नाही म्हणून सांगा.

सव्वाशे रुपये मोजा आणि पावती घ्या.