बाळाचं वजन आणि आईचं ओझं



बारीक बाळ जन्मलं की पाड्यावर म्हणतात, "जगलं तर आपलं." कुणी नजर लागली म्हणतं, कुणी ग्रहण म्हणतं. मग तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळते, गाडी ठाण्याला जाते, तिथून मुंबईला. परळचं केईएम आणि वाडिया आपल्यातल्या कितीतरी आयांना ठाऊक झालं ते काचेच्या पेटीमुळं. बाळ पेटीत, आई बाहेर फरशीवर आणि बाप मजुरी बुडवून रस्त्यावर. पेटी पाहिजेच. पण बाळ पेटीत जायच्या आधीचे नऊ महिने कसे गेले, हे आपण संघटना म्हणून विचारत नाही. या अंकात आम्ही तेच विचारतो आहोत.

आधी दोन गोष्टी समजून घेऊ. जन्मताना अडीच किलोच्या आत भरलं ते कमी वजनाचं बाळ. सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत आलं ते अपुऱ्या दिवसांचं. ही एकच गोष्ट नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, अंगावर चरबी नसते म्हणून ते गार पडतं, आणि चौतीस आठवड्यांच्या आतलं असेल तर दूध ओढून गिळणं त्याला नीट जमत नाही. दुसरं बाळ दिवस भरून येतं, पण पोटातच बारीक राहिलेलं असतं, कारण त्याला पुरेसं पोचलेलं नसतं. कधी दोन्ही एकदम होतं. म्हणून पहिल्या दिवशी वजन करा, लिहून घ्या, आणि किती महिन्यांचं आलं तेही लिहा.

पुढं काय होतं? अशा बाळाला जंतू लवकर गाठतात. मान धरणं, बसणं, चालणं उशिरा होऊ शकतं. पण हिशेब बरोबर करा. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. फार लवकर आलेल्या बाळाचे डोळे पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावे लागतात, नाहीतर नजर जाऊ शकते. कानही तपासावे लागतात. काही पोरांना शाळेत लक्ष लावायला, आकडे शिकायला जड जातं. पुष्कळ पोरं नीट वाढतात. त्यांना "मठ्ठ" म्हणून मागच्या बाकावर बसवणारा मास्तर भेटला तर त्याला हे सांगा.

आता मूळ प्रश्न. बाळ बारीक का राहतं? आई स्वतः बारीक, अंगात रक्त कमी, हिवताप, लागोपाठची बाळंतपणं, कोवळ्या वयातलं लग्न. ही कारणं आपल्याला माहीत आहेत. आणखी दोन सांगतो. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या साथीदारांनी गरोदर बायांचा अभ्यास केला. पालेभाजी, फळं, दूध जास्त खाणाऱ्या बायांची बाळं मोठी भरली. शेतात राबणं, पाणी वाहणं अशी कष्टाची कामं जास्त करणाऱ्या बायांची बाळं लहान भरली. दुसरं कारण मशेरीचं. मुंबईतल्या बाराशेवर बायांचा अभ्यास २००४ साली छापून आला. मशेरी-तंबाखू घेणाऱ्या बायांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनं हलकी होती, आणि अपुऱ्या दिवसांची जास्त. मशेरी भूक मारते म्हणून बाया लावतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून दोष बाईला देऊ नका, भुकेकडं बघा.

आईच्या ओझ्याचा प्रश्न नवा नाही. ज्या परळला आपण बाळ घेऊन जातो, त्या परळ-लालबागच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी हजारो बाया राबत होत्या. दिवस भरत आले तरी काम सुटत नव्हतं. बाळ निजून राहावं म्हणून त्याला अफू चाटवायची पद्धत होती. १९२१ साली मुंबईत तान्ह्या बाळांचे मृत्यू हजारी सहाशेच्या वर नोंदले गेले. १९२६ साली परळला केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह निघालं. पण दवाखाना जचकी करतो. त्याआधी बाई मशीनपुढं उभी असते, तिथं दवाखाना पोचत नाही. म्हणून कायद्याची मागणी झाली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बिलाच्या बाजूनं बोलले. जचकीच्या आधी नि नंतर आईला विसावा मिळण्यात सगळ्या देशाचं हित आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला, देशातला असा पहिला. दिवसाला आठ आणे आणि काही आठवडे विसावा. मालकांनी पळवाटही काढली, बाया कामावर घेणंच कमी केलं. कायदा होतो तेव्हा लढाई निम्मीच झालेली असते, हे आपण वनहक्काच्या दाव्यांत रोज बघतोच.

आज मोठ्या कारखान्यातल्या, ऑफिसातल्या कायम बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे. ती मिळायलाच पाहिजे. पण आपली बाई सातव्या महिन्यात भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहते. तिला किती आठवडे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनच्या योजनेत पहिल्या बाळाला ५०००, तेही हप्त्यानं. दुसऱ्या बाळाला पैसे मिळतात ते मुलगी झाली तरच. पोटातल्या बाळाला भूक लागते, तेव्हा ते कितवं आहे हे कुणी विचारत नाही.

बाई भट्टीवर जाते का? प्लॉट नावावर नाही, गार्ड उभं पीक मोडतो, नागली-वरई दिवाळीनंतर पुरत नाही. शेवळं, कुर्डू, कंद आणायला रानात जावं तर तिथं अडवणूक. ज्या रानातून आईच्या ताटात भाजी येते, ते रान गेलं की बाळाचं वजन जातं. जमिनीची लढाई आणि बाळाची लढाई म्हणूनच एक आहे.

लढाई चालू ठेवून आजच करता येईल ते असं:

१. सातव्या महिन्यापासून गरोदर बाईचा हंडा आणि मोळी घरातल्या गड्यानं उचलायची. याला सरकारी ठराव लागत नाही.

२. बारीक बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचं, रात्रंदिवस जमेल तेवढं. आई दमली तर बाप, आजी. कोलंबिया देशात १९७८ साली पेट्या कमी पडल्या तेव्हा डाक्टरांनी ही रीत सुरू केली. आज मोठ्या दवाखान्यांतही तीच वापरतात.

३. पहिला चीक टाकू नका. ओढता येत नसेल तर आईचं दूध पिळून वाटी-चमच्यानं पाजा. गुटी, मध, पोटावर चटके नकोत. आंघोळीची घाई नको.

४. दूध ओढणं सोडलं, अंग गार किंवा फार तापलं, लुळं पडलं, छाती आत ओढायला लागली, की वाट बघू नका. १०२ ची गाडी फुकट आहे, आजारी बाळाचा सरकारी दवाखान्यातला इलाजही फुकट आहे. गाडीत बाळ छातीशीच.

५. आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायांना शिकवून घरीच नवजात बाळांची देखभाल केली आणि मृत्यू निम्म्याहून कमी केले, त्यातून हे काम उभं राहिलं. ताई येत नसेल तर का येत नाही ते ग्रामसभेत विचारा. तिचा मोबदला थकला असेल तर तिच्या बाजूनं उभे राहा.

६. अमृत आहाराचं गरम जेवण आपल्या अंगणवाडीत रोज शिजतं का, ते दोन बायांनी जाऊन बघायचं.

पुढच्या ग्रामसभेत वनहक्काच्या विषयाला जोडून हाही विषय घ्या: या वर्षी आपल्या गावात किती बाळं जन्मली, किती अडीच किलोच्या आत भरली, त्यातल्या किती आया भट्टीवर होत्या. वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि यादी आमच्याकडं पाठवा. तहसील कचेरीवरच्या पुढच्या मोर्चात सातबाऱ्याच्या मागणीबरोबर ही यादीही टेबलावर ठेवू. मागणी सरळ आहे: भट्टीवरची असो, रोजगार हमीवरची असो की स्वतःच्या प्लॉटात राबणारी असो, प्रत्येक गरोदर बाईला, कितव्याही बाळंतपणाला, मजुरीसकट विसावा.

जिंदाबाद!