मंगळवेढ्याच्या गच्चीवर कॅनडाचं मशीन

आधीच सांगून टाकतो, आज भांडायचा मूड आहे. भांडण सरकारशी नाही, कंपनीशी नाही. पुण्या-मुंबईत, बंगळूरला किंवा त्याहून लांब बसून गावाकडच्या घराला काय लागतं हे परस्पर ठरवणाऱ्या आपल्यासारख्या पोरांशी आहे.

निमित्त असं. माझा शाळेपासूनचा एक मित्र मॉन्ट्रियलला असतो. घर मंगळवेढ्याला, तिथे आई आणि अण्णा दोघंच, दोघंही सत्तरीच्या पुढे. मॉन्ट्रियलमधली जुनी दोन-तीन मजली घरं बरीचशी सपाट छपराची असतात, याचंही तसंच. गेल्या वर्षी त्याने छपरावर हीट पंप बसवला, खास थंड हवामानासाठी बनवलेला, उणे 25ला सुद्धा चालणारा. साहेब जाम खूश. आता म्हणतो, असाच पंप अण्णांच्या गच्चीवर टाकू. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब, वर आंघोळीला गरम पाणी. पैसे तयार आहेत, मी फक्त 'लोकल कोऑर्डिनेशन' बघायचं.

मी नाही म्हणालो. फोनवर अर्धा तास वाजलं आमचं. ते सगळं इथे नीट मांडतो, कारण तो एकटाच नाहीये.

हीट पंपाबद्दल माझी तक्रार शून्य आहे. फार हुशार यंत्र आहे ते. गिझर किंवा हीटर विजेची थेट उष्णता करतो, एका युनिटला एका युनिटचीच. हीट पंप उष्णता तयार करायच्या भानगडीत पडत नाही, ती फक्त इकडून उचलून तिकडे टाकतो. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तेच. त्यामुळे एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता हलते. झुरिकच्या टाउन हॉलला 1938 साली नदीच्या पाण्यातून उष्णता खेचून गरम ठेवणारा पंप बसवला होता, म्हणजे कल्पना काही कालची नाही. आणि आपल्या भिंतीवरचा एसी हाही हीट पंपच, बहुतेक वेळा एकाच दिशेने चालणारा.

मग 'थंड हवामानाचा' म्हणजे काय? उणे 20 च्या हवेतूनही उष्णता ओढता यावी म्हणून त्याचा कॉम्प्रेसर वेगळा असतो. बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन अधूनमधून उलटं फिरतं. खालच्या ट्रेमध्ये पाणी गोठू नये म्हणून तिथे छोटा हीटर. युनिट बर्फात गाडलं जाऊ नये म्हणून ते उंच स्टँडवर, आणि छपराच्या वॉटरप्रूफिंगला भोक पडू नये म्हणून स्टँड रबरी पायांवर नुसतं टेकवलेलं. मॉन्ट्रियलमध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे वसूल होतात. मंगळवेढ्यात बर्फ पडला तर आधी वेधशाळेला फोन करावा लागेल!

आमच्याकडची थंडी म्हणजे काय? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 पर्यंत उतरतो. स्वेटर, कानटोपी, दारात शेकोटी. नऊला ऊन वर आलं की कारभार संपला. यासाठी घर गरम करायचं यंत्र? काय राव!

खरा प्रश्न एप्रिल-मेचा. सोलापूर जिल्ह्यात 42-44 अंश ही बातमी नसते, नेहमीची दुपार असते. आणि इथेच मित्राचं गणित उलटं पडतं. एसीची क्षमता बॉक्सवर लिहिलेली असते ती बाहेर 35 अंश धरून मोजलेली. बाहेरचं तापमान वाढेल तशी क्षमता घटते आणि वीज जास्त लागते, कारण तापलेल्या हवेतच आणखी उष्णता ढकलायची असते. त्यातून हे युनिट ठेवणार कुठे, तर उघड्या स्लॅबवर, जिथली हवा सावलीतल्या थर्मामीटरपेक्षा आणखी तापलेली. उष्ण देशांसाठी 46 अंशांवर तपासलेली मशीन्स असतात, त्या वर्गाला टी-3 म्हणतात. मागायचंच तर ते मागा.

पण माझा मुद्दा मशीनच्या मॉडेलचा नाहीच. स्लॅबचा आहे.

जरा हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या. अण्णांची झोपायची खोली 10 बाय 12. वर 5 इंची स्लॅब. म्हणजे साधारण 1.4 घनमीटर काँक्रीट, वजन सव्वातीन टनांच्या वर. हा दगड एका अंशाने तापवायला सुमारे 0.8 युनिट इतकी उष्णता लागते. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तो सरासरी 15 अंशांनी तापला असं धरा, मे महिन्यात ही काही अतिशयोक्ती नाही. म्हणजे 12 युनिट उष्णता डोक्यावर साठली. एक टनाचा एसी तासाला साडेतीन युनिट उष्णता बाहेर काढतो. नुसता स्लॅब रिकामा करायला साडेतीन तास! सगळी उष्णता खाली येत नाही, निम्मी वर आकाशाकडे जाते, हे मान्य. पण भिंती, खिडक्या, माणसं मी अजून धरलेलीच नाहीत.

आणि ही उष्णता खाली उतरते कधी? काँक्रीटला वेळ लागतो. दुपारी दोनचं ऊन छताच्या खालच्या बाजूला संध्याकाळी पोचतं आणि रात्री उशिरापर्यंत पाझरत राहतं. म्हणून तर बाहेर वारं सुटलेलं असतं आणि आत पंखा गरम हवा अंगावर फेकत असतो. नेमकी हीच वेळ वीज जाण्याची. वीज गेली की मॉन्ट्रियल काय नि मंगळवेढा काय, पंप म्हणजे लोखंडाचं खोकं. स्लॅबला मात्र वीज लागत नाही, तो चालूच.

तरुण माणूस चटई उचलून गच्चीवर जातो. सत्तरीतल्या, गुडघे गेलेल्या माणसाने काय करायचं? उन्हाच्या तडाख्यात म्हाताऱ्या शरीराला सावरायला रात्र थंड मिळावी लागते. दिवसभराचे 43 अंश सोसलेल्या हृदयाला रात्रीही विसावा नसेल, तर माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोसळतो. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल असं सांगतो. इनपुट तपासायचंच नाही, कचरा आत येऊ द्यायचा, आणि मग तो साफ करायला महागडा सर्व्हर लावायचा. असं कोड रिव्ह्यूमध्ये आलं तर तुम्ही पोराला फाडून खाल. घराच्या बाबतीत मात्र आपण तेच आर्किटेक्चर कौतुकाने मंजूर करतो.

आमच्या भागात पूर्वी माळवदं होती. लाकडी तुळया, त्यावर फळ्या नाहीतर फांद्या-पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. आत मे महिन्यातही गार. पण मी इथे 'जुनं ते सोनं'ची टेप लावणार नाही. माळवदं गळायची, दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागायची, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि हीच जड छपरं हजारो माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर लोकांना स्लॅब हवासा वाटला तर त्यांचं काय चुकलं? स्लॅब हवाच. फक्त माळवद जे दुसरं काम करत होतं, ऊन अडवायचं, ते आपण कुणाकडेच सोपवलं नाही.

ते काम स्वस्तात होतं. गच्चीला पांढरा चुना मारा. जुनाट करडा स्लॅब दोन तृतीयांश ऊन पिऊन टाकतो, ताजा चुना जवळपास पाऊण ऊन परत पाठवतो. खर्च काही हजार. पावसाळ्यात तो धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, आणि दुपारी कुरडया वाळत घालायला गेलं की डोळे दिपतात (हे काकूंचं ऑब्जेक्शन, आणि रास्त आहे). जास्त पैसे असतील तर उष्णता परावर्तित करणारा रंग किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. ब्रिकबॅट कोबा मुळातच असेल तर तोही थोडा आधार देतो. खोलीत 2 ते 5 अंशांचा फरक पडतो. तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी चक्क 'कूल रूफ' धोरण आणलं. आपल्याला मात्र चुना म्हटलं की तो कुणालातरी लावायचाच आठवतो.

मित्राचा पुढचा डाव सोलरचा होता. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, मग वीज फुकट, मग पंप का नको? सोलर जरूर बसव म्हटलं. पॅनेल उंच घेतले तर खालच्या स्लॅबला सावली मिळते, हा मला त्याचा सर्वांत आवडता उपयोग. पण बॅटरी नसलेली ग्रिडवरची सिस्टिम वीज गेली की स्वतःही बंद पडते, लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. आणि अण्णांना गारवा हवा असतो रात्री दहाला. तेव्हा सूर्य मॉन्ट्रियलकडे असतो.

राहिलं गरम पाणी. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, तेव्हा गार पाणी कुठून आणायचं हाच प्रॉब्लेम. गरम पाणी लागतं ते थंडीचे शंभर-एक दिवस. दोघांना मिळून रोज 60 लिटर पाणी 22 वरून 45 अंशांवर न्यायला 1.6 युनिट. हीट पंपाने ते साधारण अर्ध्या युनिटात होईल, म्हणजे रोज 1 युनिटच्या वर थोडी बचत. वर्षाला शंभर-सव्वाशे युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी हजार-बाराशे रुपये. आणि त्यासाठी गच्चीवर लाखभराचं यंत्र. अण्णांना शतायुषी होऊनही ते परवडायचं नाही. उलट शेजारी पंढरपुरात बघा, बारा महिने खोल्या भरलेले लॉज आणि भक्तनिवास, पहाटे चारपासून बादल्यांवर बादल्या. तिथे असा पाण्याचा हीट पंप दोन-चार वर्षांत पैसे फेडू शकतो. यंत्र तेच, जागा वेगळी.

मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून ठेवायची आणि त्यावर रब्बीची मालदांडी काढायची, हे त्याचं तंत्र. कॅनडात गहू उत्तम येतो म्हणून तो मंगळवेढ्यात कॅनडाचं बियाणं पेरत नाही. त्याची इंजिनिअर झालेली पोरं मात्र पेरायला निघतात.

का, याचं उत्तर मला वाटतं जरा बोचरं आहे. चुन्याचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही. मशीनचा येतो. लांब राहिल्याची टोचणी असते, ती मोठ्या रकमेच्या इन्व्हॉइसने जरा शमते. चुना मारायचा म्हणजे कुणीतरी मार्चमध्ये तिथे जाऊन गडी शोधायचा, गच्ची झाडून घ्यायची, भेगा भरून घ्यायच्या, दोन दिवस उभं राहायचं. पैसा आहे हो आपल्याकडे. ते दोन दिवस नाहीत.

एसी नकोच असं माझं म्हणणं नाही. सत्तरीतल्या दोघांना एका खोलीत एसी हवाच, आता चैन म्हणून नाही. पण आधी छत, मग एसी. छत पांढरं झालं की दीड टनाऐवजी एक टनात भागेल आणि वीज गेल्यावरही खोली तासाभरात भट्टी होणार नाही. बाहेरचं युनिट गच्चीवर नको, उत्तरेच्या भिंतीवर सावलीत. म्हणजे स्लॅबला अँकर बोल्ट मारून कोब्यात गळती करून घ्यायची गरज नाही, आणि गच्चीवर झोपणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडावर रात्रभर गरम वारा नाही. हवा कोरडी असते तेव्हा साधा कूलरही 42 अंशांची हवा 27-28 वर आणतो, फक्त त्याला पाणी लागतं, आणि आमच्या तालुक्यात मे महिन्यात पाणी मागणं म्हणजे काय ते सांगायला नको.

शेवटी मित्राला मी दोन कोटेशन पाठवली, एक गच्चीच्या भेगा भरून पांढरा रंग देण्याचं आणि एक टी-3 वर्गातल्या एक टनी एसीचं. दोन्ही मिळून त्याच्या पंपाच्या नुसत्या भाड्यात, म्हणजे जहाजभाड्यात बसतील असा माझा अंदाज. वर लिहिलंय की रंगाचं काम होळीच्या सुमारास, आणि त्या दोन दिवसांसाठी त्याने स्वतः यायचं. अजून उत्तर आलेलं नाही.