ऊन छपरावरच अडवा

विदर्भात मार्च सरला की घरोघरी उन्हाळ्याची तयारी सुरू होते. कूलर माळ्यावरून उतरतो, त्याला नव्या ताट्या बसतात, पश्चिमेच्या खिडकीला पडदा लागतो. अंगणाच्या कडेला पत्र्याखाली असलेले गॅरेज मात्र या तयारीत कुणाच्या हिशेबात नसते. ‘तिथे गाडीच तर उभी असते,’ असे म्हणून विषय मिटवला जातो. ज्यांना हे पटत नाही ते दुसरे टोक गाठतात. एखादा कूलर लावा, नाहीतर एसी बसवा, असा त्यांचा सल्ला असतो. मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. गॅरेज थंड ठेवणे आवश्यक आहे, आणि ते आतली हवा गार करत बसल्याने साधत नाही. ऊन छपरावर अडवले तरच साधते.

आधी ‘गाडीच तर असते’ या मताकडे पाहू. नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर इथल्या वस्त्यांमध्ये घरचे गॅरेज आता नुसती गाडीची जागा राहिलेले नाही. कुणी तिथे दुचाक्या दुरुस्त करतो, कुणी वेल्डिंगची कामे घेतो, कुणी शिलाई मशीन मांडून पोट भरते. रात्री तिथेच कुणीतरी खाट टाकून झोपतो. इन्व्हर्टरची बॅटरी तिथे असते आणि ई-स्कूटर तिथेच चार्ज होते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेही सावलीतल्या हवेचे. उन्हातला पत्रा याहून कितीतरी अधिक तापतो. त्याच्याखाली दुपारभर पाना फिरवणाऱ्या माणसाला ‘तिथे गाडीच तर असते’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

‘मग पंखा लावून द्या,’ असे लगेच सुचवले जाते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की पंखा अंगावर उष्णताच आणून टाकतो. तेव्हा दिलासा देतो तो फक्त सुकणारा घाम, आणि त्यालाही मर्यादा आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४० अंश सहज ओलांडले जातात.

कूलरची बाजू जरा भक्कम आहे. विदर्भाची हवा कोरडी असते, म्हणून ताट्यांवरचे पाणी झपाट्याने वाफ होते आणि वारा गार लागतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत हे होत नाही. पण कूलरला बाहेर जाणारी वाट लागते. शटर ओढून बंद केलेल्या गॅरेजात तो तासाभरात हवा दमट करून सोडतो, मग घाम सुकत नाही आणि हत्यारांवर गंज चढतो. शिवाय कूलर हवेला गार करतो, पत्र्याला नाही. पत्र्याची उष्णता हवेची वाट पाहत नाही, ती किरणांनी थेट डोक्यावर उतरते. ही किरणांची उष्णता निरपेक्ष (केल्विन) तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. ७० अंशांचा पत्रा ५० अंशांवर आणला, तर ३५ अंशांच्या त्वचेवर त्याच्याकडून येणारा भार निम्म्याहूनही कमी होतो. ही मिळकत कोणताही कूलर देऊ शकत नाही.

एसीचा हिशेब तर कागदावरच फसतो. १० बाय २० फुटांचे छप्पर म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन पडते, म्हणजे छपरावर सुमारे १८ किलोवॉट. त्यातले बरेचसे परतते, बरेचसे वारा नेतो. तरी एक तृतीयांश आत उतरले, तर ते ६ किलोवॉट होतात. दीड टनी एसी जेमतेम ५ किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. छप्पर उघडे ठेवून एसी चालवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरत राहणे.

थर्माकोलचा मार्ग मी साफ नाकारतो. तो पेट घेतो. जिथे पेट्रोल आहे, वेल्डिंगच्या ठिणग्या आहेत, चार्जिंगला लावलेली बॅटरी आहे, तिथे डोक्यावर थर्माकोल नको. चकचकीत फॉइलची शीट उपयोगी पडते, पण तिची चमकती बाजू पत्र्याला चिकटवून नव्हे. त्या बाजूसमोर मोकळी हवा असेल तरच ती किरणे अडवते. ती बाजू चिकटवली की शीट पत्र्याचाच एक भाग होऊन तापते.

आता काय करावे, ते सांगतो. पहिले काम छप्पर पांढरे करण्याचे. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, म्हणून उन्हाचा सर्वांत मोठा मारा भिंतींवर नसून छपरावर होतो. सिमेंटच्या स्लॅबला फेविकॉल मिसळलेला चुना चालतो. पत्र्याला चुना लावू नये. तो नीट धरत नाही, आणि ओला चुना जस्ताला खातो. पत्र्यावर गंज घासून, प्रायमर देऊन छपरासाठीचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग द्यावा.

यावर एक जाणता आक्षेप येतो: नवा जस्ताचा पत्रा आधीच चमकतो, तो ऊन परतवतोच की. परतवतो, हे खरे. पण चमकता धातू शोषलेली उष्णता किरणांनी फारशी बाहेर सोडत नाही, आणि काही पावसाळ्यांत ती चमकही जाते. पांढरा रंग ऊन परतवतो आणि उरलेली उष्णता आकाशाकडे सोडतोही. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने थंड छपरासाठी या दोन्ही गुणांच्या वेगवेगळ्या अटी घातल्या आहेत: परावर्तन किमान ०.६ आणि उत्सर्जन किमान ०.९.

‘धूळ बसून पांढरे मळते,’ हा आक्षेपही खरा आहे. उत्तर सोपे आहे: दर वर्षी उन्हाळा लागण्याआधी छप्पर धुवावे आणि उडालेल्या जागी हात मारावा. दर साली घर सारवणाऱ्या समाजाला हे जड नाही.

दुसरे काम सावलीचे. सिग्नलवर वाहनचालकांसाठी टांगलेली हिरवी नेट नागपूरकरांना ठाऊक आहे. तीच पत्र्याच्या फूटभर वर, अँगलवर ताणून बांधावी. पत्र्यावर अंथरली तर तिची उष्णता पत्र्यातच उतरते. मधून वारा वाहिला पाहिजे. वर पाणी मारण्याचा उपायही प्रभावी आहे, कारण एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. पण जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे रोज छपरावर पिण्याचे पाणी ओतणे मला मान्य नाही.

तिसरे काम हवेच्या वाटेचे. खाली उत्तरेला किंवा पूर्वेला जाळी, वर छपरालगत दुसरी. तापलेली हवा वरून निघते आणि खालून दुसरी येते. त्यासाठी वीज लागत नाही. पश्चिमेचे लोखंडी शटर असेल तर त्याला पांढरा रंग आणि बाहेरून बांबूची चटई. आणि एक साधी शिस्त: रस्त्यावरून आलेली गाडी लगेच आत घेऊ नका. इंजिन कितीतरी वेळ उष्णता ओकत राहते, तिला अर्धा-पाऊण तास बाहेर सावलीत निवू द्या.

राहिला प्रश्न खर्चाचा आणि भाड्याच्या जागेचा. भाडेकरू मेकॅनिकला छपराला हात लावायची परवानगी नसते, आणि मालक वर चढत नाही. म्हणून हे काम मालकाचे आहे, असे मी ठामपणे म्हणतो. छप्पर गळले तर मालक दुरुस्त करतो. ते माणसाला भाजत असेल तर तेही दुरुस्तीचेच काम. चंद्रपूर-गडचिरोलीला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण आणले आणि काही प्रकारच्या इमारतींना ते बंधनकारक केले. महाराष्ट्रात अशी सक्ती येण्याची वाट पाहायची गरज नाही. रंगाचा एक डबा आणि सुट्टीची एक सकाळ एवढ्यावर सुरुवात होते. ज्याच्या पत्र्याखाली माणूस राबतो, त्याने येत्या उन्हाळ्याआधी ती करावी.