भोगीचे ताट आणि रोजचे ताट

आज भोगी. उद्या सूर्यनारायण मकर राशीत प्रवेश करतील, सुगडे पुजली जातील आणि घरोघरी तिळगुळाची देवघेव होईल. आज मात्र तीळ लावून अभ्यंगस्नान झाल्यावर महाराष्ट्रातील असंख्य देवघरांपुढे जो नैवेद्य मांडला जातो, त्यात पक्वान्न म्हणावे असे काहीच नसते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी आणि वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, भुईमुगाचे ओले दाणे, बोरे असे हंगामात जे हाती लागेल ते एकत्र करून तिळाच्या कुटात शिजविलेली लेकुरवाळी भाजी. सणाच्या दिवशी देवापुढे ठेवलेले हे अन्न शेतकऱ्याच्या घरचे रोजचे अन्न आहे. भोगी न खाणारा सदा रोगी राहतो, असे आपल्या आयाआज्या सांगत आल्या. त्या सांगण्यातील मर्म या महागाईच्या दिवसांत पुन्हा एकदा तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या सणावारांकडे नीट पाहिले, तर त्यांत स्वयंपाकघराचे एक पंचांगच दडलेले दिसते. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय उगवलेल्या कंदांची व पालेभाज्यांची भाजी करावयाची. लातूर, धाराशिवकडे वेळा अमावस्येला शेतात जाऊन नाना शेंगा व डाळी घातलेली भज्जी, ज्वारीचे उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवावयाचा. विदर्भात ज्येष्ठागौरींना ज्वारीची आंबील हवीच. श्रीकृष्णाने दुर्योधनाचे राजभोजन नाकारून विदुराच्या कण्या गोड मानल्या आणि सुदाम्याचे मूठभर पोहे मिटक्या मारीत खाल्ले, ही कथा आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे हे व्रत म्हणून सांगितले आहे. साध्या अन्नाला कमी लेखू नये, हा धडा आपल्या धर्माने कथेतून, व्रतातून आणि नैवेद्यातून असा वारंवार दिला आहे.

आता भोगीच्या ताटाचा विचार आहारशास्त्राच्या दृष्टीने करून पाहू. बाजरीच्या शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. तिळाच्या शंभर ग्रॅममध्ये एक हजार मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. धान्यातील प्रथिनांत जो घटक तोकडा पडतो तो डाळींत असतो आणि डाळींत जो तोकडा तो धान्यात. म्हणून भाकरीबरोबर पावटा, हरभरा, मूग आले की दोहोंची उणीव परस्पर भरून निघते. गाजरातील अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य शरीरात मुरण्यास स्निग्धांश लागतो. तो तिळाच्या कुटातून आणि लोण्यातून मिळतो. बाजरीतील लोह अंगी लागण्यास क जीवनसत्त्वाचे साहाय्य होते. ते ताज्या बोरांत व लिंबाच्या फोडीत आहे. ज्या माउलीने ही भाजी प्रथम रांधली तिला या द्रव्यांची नावे ठाऊक नव्हती. परंतु थंडीत काय पिकते, काय स्वस्त असते आणि काय खाल्ल्याने अंगात बळ राहते, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने तिला पक्के ठाऊक होते.

दुःख याचे आहे की, भोगीचा दिवस मावळला की हे ताटही मावळते. उरलेल्या वर्षात पुष्कळ घरांतून भाताचा ढीग, त्यावर पातळ वरण, चिमूटभर भाजी आणि मुलाच्या हातात चहाबरोबर बिस्किटे, असा क्रम चालतो. त्याचे फळ आकड्यांतून समोर आले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे चौपन्न स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या, आणि पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे एकोणसत्तर. संतांची भूमी म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो, त्या भूमीतील निम्म्याहून अधिक लेकीसुना आणि त्यांची बाळे फिकट पडली आहेत, ही गोष्ट सणाच्या दिवशीही विसरता येण्यासारखी नाही.

यातील स्त्रियांची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम, तर प्रौढ स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोहाची गरज असते. म्हणजे घरात ज्या ताटात डाळ, उसळ व पालेभाजी अधिक पडावयास हवी, ते ताट गृहिणीचे. प्रत्यक्षात काय होते? पतीचे, मुलांचे, पाहुण्यांचे जेवण उरकल्यावर ती बसते, तेव्हा पातेल्याच्या तळाशी राहिलेले वरणाचे पाणी आणि उरलेला भात तिच्या वाट्यास येतो. उसळ संपलेली असते. घरात चणचण असली की पहिली काटछाट तिच्याच ताटात होते. आणि तिच्या त्यागाची आपण मोठ्या तोंडाने स्तुती करतो. ही स्तुती आम्हांस आता लाजिरवाणी वाटते. गृहलक्ष्मी म्हणावयाचे आणि तिला उपाशी ठेवावयाचे, यात कोणता धर्म आहे? माता अशक्त राहिली की पोटातील बाळही अशक्त जन्मते आणि एका ताटातील उणीव पुढच्या पिढीत उतरते.

कोणी म्हणेल, पोषक अन्न खावयाचे तर पैसा हवा. तो कोठून आणावा? ही तक्रार खोटी नाही. डाळ, तेल, भाजी यांचे भाव मजुरी करणाऱ्या कुटुंबाची झोप उडविणारे आहेत. ज्वारी ही तर एके काळी गरिबाची भाकरी. आज पुष्कळ ठिकाणी ती गव्हाहून महाग झाली आहे. म्हणून ‘गरिबांनो, भाकरी खा’ असा सोपा उपदेश आम्ही करणार नाही. रास्त मजुरी आणि रास्त भाव ही राज्यकर्त्यांची जबाबदारी आहे आणि तिच्यातून त्यांना सुटका नाही. तथापि घरात येणारा जो रुपया आहे, तो कोठे खर्च करावा हे तरी आपल्या हाती आहे, आणि येथेच थोडा विवेक हवा.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. २०२३ च्या आरंभापासून ते विनामूल्य झाले आणि जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते तसेच देण्याचे ठरले आहे. त्यात मुख्यत्वे तांदूळ व गहू असतात. पोट त्याने भरते, परंतु ताट पूर्ण होत नाही. तेव्हा धान्यावर वाचलेला पैसा पुन्हा उंची तांदळावर, मैद्याच्या पदार्थांवर किंवा पाकिटातल्या तळलेल्या खाऊवर न घालविता डाळ, कडधान्य, पालेभाजी आणि शेंगदाणे यांवर खर्च व्हावा. तूरडाळ परवडत नसेल, तर मटकी, चवळी, हुलगे आहेत. कोकणातले कुळथाचे पिठले आणि देशावरची हुलग्याची शेंगोळी ही बळ देणारी जेवणे आहेत. कडधान्य भिजवून मोड आणले की मूठभराचे ओंजळभर होते, ते पचनास हलके होते आणि त्यात क जीवनसत्त्वही निर्माण होते.

भाजीच्या बाबतीतही असेच आहे. मुळा घेतला की त्याचा पाला टाकून देऊ नये. डाळ घालून त्याची उत्तम भाजी होते. हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडी, चाकवत, तांदुळजा, माठ यांपैकी जे स्वस्त असेल ते आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ताटात यावे. अंगणात शेवग्याचे झाड असेल, तर शेंगांपेक्षाही त्याचा पाला मोलाचा. मूठभर पाला वरणात टाकण्यास कवडी लागत नाही. थंडीत आठवड्यातून दोन-तीन दिवस बाजरी असावी. तिचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून थोडे थोडे दळून आणावे. जेवताना लिंबाची फोड किंवा आवळा असावा, आणि जेवण संपताच चहा घेण्याची सवय सोडावी, कारण चहा अन्नातील लोह शरीरास लागू देत नाही. ज्यांना धाप, थकवा, फिकटपणा जाणवतो त्यांनी केवळ आहारावर न विसंबता सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे; लोहाच्या गोळ्या तेथे विनामूल्य मिळतात.

उपवासाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. व्रताचा हेतू इंद्रियनिग्रह आणि ईश्वरचिंतन हा होय. परंतु उपवासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा दुप्पट खर्च होतो आणि पोटात जातो तो साबुदाणा, ज्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही. प्रथिने तर नावालाच. त्यापेक्षा वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक असा उपवास देवाला आणि देहाला दोघांनाही मानवेल. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याचा योग सिद्ध होत नाही असे सांगताना भगवंतांनी मुळीच न खाणाऱ्याचाही योग सिद्ध होत नाही, असे त्याच दमात सांगितले आहे. गरोदर, ओलेत्या आणि आजारी स्त्रियांनी हे वचन स्वतःसाठीच आहे असे समजावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना तसे आवर्जून सांगावे.

उद्यापासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. ऋण काढून वाण लुटणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. चार दिवसांत मोडणाऱ्या प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाटण्यापेक्षा यंदा मूठभर मूग, मटकी, तीळ किंवा पालेभाजीचे बियाणे वाण म्हणून का देऊ नये? उद्या पुजल्या जाणाऱ्या सुगडात आपण हरभरा, ऊस, गाजर, बोरे, गव्हाच्या ओंब्या भरतो. मग वाणात धान्य देण्यास संकोच कशाचा? लुटायचेच तर असे काही लुटावे, जे घेणारीच्या चुलीपर्यंत पोचेल.

भोगीला सवाष्ण जेवावयास बोलवावी आणि ते न जमल्यास तिच्या घरी शिधा पोचवावा, यास ‘भोगी देणे’ म्हणतात. ही रीत जरूर पाळावी. परंतु आज नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिले पान वाढताना घरात राबणाऱ्या सवाष्णीचीही आठवण व्हावी. वृद्ध सासूबाई, विधवा आत्या, वयात आलेली लेक, भांडी घासावयास येणारी बाई यांच्याही ताटात तीळ लावलेली भाकरी आणि भाजीची भरली वाटी पडावी. उद्यापासून वर्षभर, भाकरी असो वा पोळी, घरातील सर्व पाने एकाच वेळी मांडली जावीत आणि उसळ सर्वांना सारखी वाढली जावी. यास एक पैसाही अधिक लागत नाही. देवाने भोगीला साधे जेवण मागितले, ते सर्वांना पुरावे म्हणूनच, अशी आमची श्रद्धा आहे.

सर्व वाचकांस भोगीच्या आणि मकरसंक्रमणाच्या शुभेच्छा.