पगार चालू आहे, काम मात्र काढून घेतलंत

माननीय व्यवस्थापकीय संचालक साहेब,



हेच सगळं मी आधी रीतसर अर्जात लिहिलं होतं. त्यावर ‘आयटी विभागाने पाहावे’ असा शेरा पडला आणि अर्ज तिथेच राहिला. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

नवी फाइल-प्रणाली आल्यापासून माझ्या टेबलाचं काय झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही येता-जाता पाहता. मी संगणक सुरू करून बसलेली असते आणि माझ्याकडे एकही फाइल नसते. साहेब, हे टेबल तुम्हीच मला दिलं होतंत ना?

रुजू झाले त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, “तुम्हाला दिव्यांग कोट्यातली म्हणून बसवून ठेवणार नाही, काम देणार.” आणि दिलंतही. देयकं तपासणं, टिपणी लिहिणं, थकलेल्या प्रकरणांचा पाठपुरावा, हे सगळं मी केलं. कानात हेडफोन, हात कीबोर्डवर आणि पडद्यावरचं वाचून दाखवायला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. त्याचा मराठी आवाज यांत्रिक आहे. मी तो इतक्या वेगात ऐकते की शेजारच्याला एक शब्दही कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांच्या कष्टांतून उभं राहिलेलं ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या महामंडळाला त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागला नाही.

मग माझं नेमकं काय महाग पडलं तुम्हाला?

आता नवी प्रणाली उघडली की कानात येतं, “बटन. बटन. ग्राफिक. बटन.” बटनाला कोडमध्ये नाव दिलेलं असेल तरच स्क्रीन रीडर ते वाचू शकतो. इथे कुणी नावं दिलेलीच नाहीत. ‘मंजूर’ हेही माझ्यासाठी बटन आणि ‘परत पाठवा’ हेही बटन. लाखोंच्या देयकावर मी कोणतं दाबू? तारीख माउसनेच निवडावी लागते. जोडपत्रं म्हणजे स्कॅन केलेली चित्रं, त्यांत अक्षरच नाही. जी स्कॅन केलेली नाहीत, त्यांतली कितीतरी अजून जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. डोळ्यांना ते मराठी दिसत असेल, माझ्या कानाला तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग असतो. शासनाने युनिकोड वापरायला सांगून किती वर्षं झाली, हे तुम्हीच आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतंत.

आणि हे सगळं होणार, हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं असं तरी कसं म्हणू? या प्रणालीची निविदा निघण्यापूर्वी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. काय काय लागेल, ते विचारलंत. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे आपल्याच देशाचं मानक आहे, हे मी तुमच्यासमोर मांडलं. जिन्याशेजारचा उतार इमारत बांधतानाच केला तर स्वस्तात होतो, नंतर भिंत फोडावी लागते, हेही बोलले. तुमचे शब्द मला पाठ आहेत. “ही अट घातल्याशिवाय घेणार नाही.”

मग अट कुठे गेली? प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळ्या शाखांतून माणसं बोलावलीत, मला का नाही? मी तेव्हा त्याच मजल्यावर होते. पाच मिनिटं कीबोर्ड माझ्या हाती दिला असतात तर पहिल्याच पानावर सगळं कळलं असतं.

वरिष्ठ सांगतात, मोबाइलच्या ॲपने पडदा वाचून घ्या. पडद्याचा फोटो काढायला मनाई करणारं परिपत्रक तुमच्याच सहीचं आहे. मग सुचवलं गेलं की शेजारच्या सहकाऱ्याने माझ्या लॉगिनवरून काम करावं. तो भला माणूस आहे, नाही म्हणणार नाही. पण त्याच्याकडून चुकीचं बटन दाबलं गेलं तर खुलासा कुणाला मागाल? नोंद तर माझ्या नावावर असेल. आणि मुळात, माझा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊन मी कर्मचारी म्हणून उरते का?

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तुम्ही आस्थापना शाखेला म्हणालात, “त्यांचा पगार तर चालू आहे, त्यांना काय अडचण?” साहेब, मी परीक्षा देऊन आले. पगार मी कामाचा घेत होते, आता तो बसण्याचा घेते. महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज मी ऐकते तेव्हा मान खाली जाते. या वर्षीच्या गोपनीय अहवालात माझ्या कामाच्या रकान्यात काय लिहिणार आहात? ‘काम केले नाही’ असंच ना? आणि पुढे बढतीच्या वेळी कुणीतरी तोच कागद माझ्यासमोर ठेवणार.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० तुम्हाला मी सांगायची गरज नाही. वाजवी सोयी पुरवणं हे शासकीय आस्थापनेचं कर्तव्य आहे, ती मेहेरबानी नव्हे. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते असून चालणार नाहीत, ते सक्तीचेच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करू न शकणाऱ्या, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसांनी न्यायालयाचं दार ठोठावलं होतं, आणि एका अंध याचिकाकर्त्यानेही. मला कोर्टात जायचं नव्हतं. तुमचा शब्द होता, म्हणून मी थांबले होते.

३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमासाठी सत्काराच्या यादीत माझं नाव घातल्याचं कळलं. ते काढा. गेल्या वेळी त्याच व्यासपीठावरून तुम्ही माझं उदाहरण देऊन टाळ्या घेतल्या होत्यात. आज ते उदाहरण रिकाम्या टेबलाशी बसलं आहे आणि शाल घेऊन मी तिथे हसू शकणार नाही.

ही प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या देखभालीच्या कराराचं नूतनीकरण आता तुमच्यासमोर येईल. बटनांना नावं देणं, सगळं कीबोर्डवरून चालणं, जोडपत्रं वाचता येतील अशी घेणं, ही कामं त्यात मुदतीसह घाला आणि ती पूर्ण झाल्याचा दाखला स्क्रीन रीडर वापरणाऱ्या कर्मचाऱ्याने तपासल्याशिवाय देऊ नका. तपासायला मी आहे, दुसऱ्या शाखांत माझ्यासारखे आणखी आहेत. घालणार की नाही, एवढं मला कळवा. लेखी कळवा, युनिकोडमध्ये, म्हणजे ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

आपली,
देयक शाखेतील एक कर्मचारी