रागिनचे बारा हजार रुग्ण

चेकॉव्हच्या ‘वॉर्ड नंबर ६’ (१८९२) या दीर्घकथेचे वर्गातले विवेचन बहुधा एकाच ठरलेल्या वळणाने जाते. डॉ. रागिन म्हणजे निष्क्रिय तत्त्वचिंतक. मार्कस ऑरेलियसच्या आडोशाने दुःखाकडे पाठ फिरवणारा. आणि ज्या वेड्यांच्या कोठडीची त्याने उपेक्षा केली तिथेच कोंडला जाऊन मरणारा. काव्यगत न्याय झाला, तास संपला. हे वाचन मला नुसते अपुरे नव्हे, अन्यायाचे वाटते.

चेकॉव्ह स्वतः डॉक्टर होता. तो हिशेब मांडतो. आरंभी रागिन सकाळपासून राबतो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणेही करतो. पण आज तीस रुग्ण, उद्या पस्तीस, परवा चाळीस. वर्षाला बारा हजार तपासले म्हणजे बारा हजारांना फसवले, या निष्कर्षाला तो येतो. त्याचे तत्त्वज्ञान हे या थकव्यावरचे पांघरूण आहे. १९८१ साली मास्लाक आणि जॅक्सन यांनी ‘बर्नआउट’ मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली. भावनिक रितेपण, रुग्णाविषयी कोरडेपणा, आपल्या हातून काही होत नाही ही जाणीव, ही तिची तिन्ही अंगे रागिनपाशी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित घटित म्हटले. तरी आपण औषध पाजतो ते डॉक्टरलाच: प्राणायाम करा, मन खंबीर ठेवा! २०१९ च्या एका अंदाजानुसार भारतात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ ०.७५. अर्धवट माणूसच म्हणा ना. शल्यविशारद थकला तरी त्याच्या सुरीची धार शाबूत असते. मनोविकारतज्ज्ञाचे हत्यार म्हणजे त्याचे ऐकणे, आणि बोथट होते ते नेमके तेच.

यावर कोणी म्हणेल, मग ग्रोमोव्हचे काय? त्याचा संताप रास्तच आहे. निकिता रुग्णांना बडवतो ते रागिनच्याच राज्यात, आणि डॉक्टरच्या थकव्याने मार खाणाऱ्याची पाठ दुखायची थांबत नाही. रागिनला निर्दोष ठरवावे असे मी म्हणत नाही. पण त्याचे स्वभावचित्र रेखाटताना समीक्षक त्या इस्पितळाची जमाखर्चाची वही मिटून का ठेवतात? कथेत ती उघडी आहे. झेम्स्त्वो उदार होऊन जादा वैद्यकीय मदतीसाठी वर्षाला तीनशे रूबल मंजूर करते. त्यातून येतो खोबोतोव्ह, आणि त्याचा डोळा रागिनच्या जागेवर असतो.