एकही खाडा नाही

हजेरीपट सांभाळणाऱ्या माणसाला एक खोड लागते. तो माणसे त्यांच्या खाड्यांवरून ओळखू लागतो. फिलिपाईन्सचा बास्केटबॉलपटू एल. ए. टेनोरियो याची हकीकत प्रथम वाचली तेव्हा माझी नजर त्याच्या पदकांवर गेलीच नाही, ती ७४४ या आकड्यावर थांबली. २००६ साली व्यावसायिक खेळाडू म्हणून उतरल्यापासून २०२३ च्या आरंभापर्यंत हा गडी सलग ७४४ सामने खेळला. संघ बदलले, पण खाडा एकही नाही. त्याच्या आधीचा विक्रम होता ५९६ सामन्यांचा, आल्व्हिन पॅट्रिमोनियो याच्या नावावर.

आपल्याकडे जसे क्रिकेट, तसे त्या देशात बास्केटबॉल. अमेरिकेच्या राजवटीत हा खेळ तेथे आला आणि गल्लीबोळांत रुजला. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत फिलिपाईन्सने कांस्यपदक मिळवले होते. १९७५ साली तेथे सुरू झालेली व्यावसायिक साखळी स्पर्धा ही आशियातील पहिली. तिच्यातील संघ गावांच्या नावाने नव्हे, तर कंपन्यांच्या नावाने खेळतात. टेनोरियोची कीर्ती झाली ती ‘बारंगाय हिनेब्रा’ या संघात. बारंगाय म्हणजे वस्ती, आणि हिनेब्रा हे जिन दारूचे नाव! पंचशील घेतलेल्या वाचकांनी त्याबद्दल मला बोल लावू नये, संघाचे बारसे मी केलेले नाही.

टेनोरियो मूळचा बातांगास प्रांतातल्या नासुगबूचा. जन्म १९८४ चा, उंची अवघी पाच फूट आठ इंच. साडेसहा फुटी गड्यांच्या या खेळात एवढ्या उंचीच्या माणसाच्या वाट्याला ‘गार्ड’ची जागा येते. चेंडू आपल्या बाजूने पुढे न्यायचा, कोण कोठे मोकळा आहे ते हेरायचे, चाल लावून द्यायची. टोपलीखाली उंच गडी टाळ्या घेतात, त्यांच्या हाती वेळेवर चेंडू देणारा हा. चाहत्यांनी त्याला ‘टिनयेन्टे’, म्हणजे लेफ्टनंट म्हटले ते उगीच नव्हे. २०१२ साली तैपेईच्या जोन्स चषकात फिलिपाईन्स विजयी झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. २०१४ च्या विश्वचषकात सेनेगलला हरवून त्याच्या देशाने चाळीस वर्षांनी त्या स्पर्धेत सामना जिंकला, त्या संघातही तो होता. २०१६ मध्ये हिनेब्राचा आठ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपला, त्या अंतिम फेरीचा मानकरीही टेनोरियोच.

२०२० ची गोष्ट मात्र मला खटकते. त्या वर्षी सप्टेंबरात त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. करोनामुळे सर्व संघ एके ठिकाणी कोंडून ती स्पर्धा ऑक्टोबरात सुरू झाली, आणि हा पोटाची जखम घेऊन उतरला. संघ जिंकला, अंतिम फेरीचा मानकरी पुन्हा तोच! सगळ्यांनी वाहवा केली. मीही वाचताना केली असती, पण मला आमचे एक सहकारी आठवले.

हे गृहस्थ मोठे शिस्तीचे. पावसात लोकल बंद पडल्या तर रुळांवरून चालत येत, पण लाल शाईची खूण लावून घेत नसत. घरी पहिली कमावती पिढी, त्यामुळे नोकरी म्हणजे त्यांना बाबासाहेबांची ठेव वाटे. शौचातून रक्त जाऊ लागले तेव्हा त्यांनी ‘मूळव्याध आहे’ म्हणून वर्ष काढले. पत्नीलाही सांगितले नाही. आम्ही कचेरीतले लोक त्यांची हजेरी सांगून नव्या पोरांना लाजवत होतो. पुढे निदान झाले तेव्हा रोग यकृतापर्यंत गेलेला. शिल्लक रजा मात्र भरपूर निघाली. तो हिशेब मीच केला.

मार्च २०२३ मध्ये टेनोरियोने स्वतःच जाहीर केले, की आपल्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, तिसऱ्या टप्प्याचा. वय ३८. तिसरा टप्पा म्हणजे रोग आतड्याजवळच्या गाठींत शिरलेला, दूरच्या अवयवांत अजून नाही. शस्त्रक्रिया झाली, मग काही महिने केमोथेरपी. ७४४ वर मोजणी थांबली. ज्याच्या नावाचा डंका कधीही न थकणारा म्हणून वाजत होता, त्याने आतड्याचा आजार सगळ्या देशासमोर सांगितला, हे मला त्याच्या सर्व चषकांहून मोठे वाटते. आपल्याकडे पोटाखालच्या दुखण्याचा उच्चारही पुरुषांना कमीपणाचा वाटतो. वास्तविक ज्या तथागतांना आपण वंदन करतो, त्यांनी पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, अशी कथा विनयपिटकात आहे. त्यांना किळस वाटली नाही, आणि आपल्याला डॉक्टरपुढे तोंड उघडवत नाही!

तेव्हा स्पष्टच लिहितो. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा अंगातले रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर मूळव्याधीचे मलम लावून बसू नये. न दिसणारे रक्त शौचाच्या साध्या तपासणीत सापडते. जरूर पडल्यास डॉक्टर दुर्बिणीने आतडे पाहतात. घरात आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर पन्नाशीची वाट पाहू नये. हा मजकूर भगिनींनी घरातल्या पुरुषांना मोठ्याने वाचून दाखवावा, स्वतःलाही त्यातून वगळू नये.

टेनोरियो बरा झाला. २०२३ संपण्याआधी तो पुन्हा हिनेब्राकडून मैदानात उतरला, आणि २०२५ साली मॅग्नोलिया संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर मी हीच हकीकत सांगितली. मंडळी पांगली. एक गृहस्थ चपला शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळले. सगळे गेल्यावर त्यांनी हळूच विचारले, ‘ती दुर्बिणीची तपासणी सरकारी इस्पितळात होते का हो?’ होते, म्हटलं, सोमवारी मी अर्धी रजा टाकतो, बरोबर जाऊ.